कोंदोत्ता: भाडोत्री फौजेचा करार कसा व्हायचा आणि कुठे फिसकटायचा

मोडीवाचक

मध्ययुगीन युरोपातल्या भाडोत्री सैनिकांचा विषय निघाला की चर्चा लगेच लढायांकडे वळते. हा धागा मुद्दाम कागदपत्रांवर ठेवू या. १४व्या-१५व्या शतकात इटलीतली राज्यं फौज भाड्याने घेताना जो लेखी करार करत तो कोंदोत्ता, आणि तो करणारा सेनानायक कोंदोत्तिएरे.

पार्श्वभूमी थोडक्यात. फ्लॉरेन्स, पिसा, सिएना, व्हेनिस ही पैशाने गबर शहरं. विणकर, सराफ, व्यापारी वर्षभर मोहिमेवर गेले तर कर कोण भरणार? शिवाय गावातल्याच एखाद्या घराण्याच्या हाती फौज दिली तर ते उद्या सत्ता बळकावेल ही धास्ती होतीच. त्यामुळे परका माणूस, ठरावीक मुदत, ठरावीक रक्कम हा मार्ग त्यांना बरा वाटला. माणसांचा पुरवठा आल्प्सपलीकडून झाला. १३६० साली ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड-फ्रान्सचं युद्ध थांबलं आणि हजारो कसलेले लढवय्ये एकदम बेकार झाले. त्यांच्या टोळ्यांनी त्याच डिसेंबरात आव्हिन्योंजवळचं पों-सांत-एस्प्री घेऊन पोपच्या दारातच ठाण मांडलं. पैसे मोजून यातल्या बऱ्याच जणांना मोंफेर्रातोच्या मार्क्विसकडे इटलीत धाडण्यात आलं. हीच पुढे 'श्वेत कंपनी' म्हणून गाजली. तिचा पहिला कप्तान आल्बेर्ट स्टेर्ट्स हा जर्मन, नंतर एसेक्स परगण्यातल्या सिबल हेडिंगहॅमचा जॉन हॉकवुड.

आता करार. मुदतीचे दोन भाग असत. पहिला 'फेर्मा', म्हणजे पक्की नोकरी; १४व्या शतकात बहुधा तीन ते सहा महिने. दुसरा 'रिस्पेत्तो', म्हणजे मुदत वाढवायची की नाही हे ठरवण्याचा राज्याचा हक्क. हा हक्क एकतर्फी होता हे लक्षात घ्या. शहराने वाढवलं तर नायकाला थांबावं लागे. त्याला मात्र शहराला बांधून ठेवता येत नसे.

मोजणी लान्समध्ये होई. श्वेत कंपनीच्या पद्धतीत एका लान्समध्ये तिघे: पूर्ण चिलखतातला स्वार, त्याचा साथीदार आणि एक पोऱ्या. म्हणून कागदावर ५०० लान्स दिसले तर तोंडं १,५००, पण प्रत्यक्ष लढणारे १,००० धरायचे. जुनी पत्रं वाचताना इथे हमखास गल्लत होते. १५व्या शतकात लान्स फुगून चार-पाच जणांची झाली, तेव्हा शतक पाहिल्याशिवाय गुणाकार करू नये.

पगार लान्समागे, महिन्याच्या हिशेबाने. १४व्या शतकाच्या उत्तरार्धात चांगल्या लान्सला साधारण १५ ते २० फ्लोरिन मिळत. फ्लोरिन म्हणजे सुमारे ३.५ ग्रॅम शुद्ध सोनं. १८ च्या दराने ५०० लान्सना महिन्याला ९,००० फ्लोरिन, जवळजवळ ३२ किलो सोनं. शहरांचं कंबरडं कशाने मोडायचं ते एवढ्यावरून कळावं.

सही झाली की 'प्रेस्तान्झा', म्हणजे आगाऊ रक्कम. घोडे, चिलखतं, नाल, खोगीर यांची तजवीज त्यातून करायची आणि पुढे ती पगारातून हप्त्याहप्त्याने वळती व्हायची. आपल्याकडे शिलेदारांना नालबंदी मिळायची, तिचंच काम इथे प्रेस्तान्झा करी. मग हजेरी. कारकून प्रत्येक घोड्याचा रंग, अंगावरचे पांढरे पट्टे-ठिपके, डाग आणि ठरवलेली किंमत वहीत उतरवून घेई. कारण लढाईत घोडा मेला तर भरपाई राज्याने द्यायची. मेलेल्या घोड्याच्या जागी ठरलेल्या दिवसांत दुसरा उभा केला नाही तर पगारात कापणी. फ्लॉरेन्सने असे सगळे नियम १३६९ साली एका संहितेत बांधून टाकले होते.

लुटीचा नियम सरळ होता: हलवता येईल ते सैनिकांचं, जमीन, किल्ले, गावं राज्याची. साधा कैदी पकडणाऱ्याचा, त्याची खंडणी त्यालाच. शत्रूचा सेनापती किंवा राजघराण्यातला माणूस सापडला तर मात्र तो राज्याच्या स्वाधीन करायचा. आणि शेवटी एक कलम असे: नोकरी संपल्यावर अमुक महिने आमच्याविरुद्ध लढणार नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. भाडोत्री फौज पगार मिळत असताना सहसा दगा देत नव्हती. अनर्थ झाले ते पगार थकल्यावर, नाहीतर करार संपून दुसरा मिळेपर्यंतच्या काळात.

गडकोट_वेडा

उत्तम धागा. दोन शंका. आगाऊ रक्कम घेऊन माणूस पसार झाला तर शहर काय करणार? आणि हजेरीत लबाडी होत नव्हती का? घोड्याचं वर्णन इतकं बारकाईने लिहून घ्यायचे म्हणजे काहीतरी अनुभव गाठीशी असणार.

मोडीवाचक

@गडकोट_वेडा, लबाडी भरपूर व्हायची. नेहमीचे प्रकार तीन. पहिला, शेजारच्या तुकडीचे घोडे हजेरीपुरते उसने आणायचे. दुसरा, किमतीचा घोडा नोंदवून तो विकायचा आणि त्याच रंगाचं तट्टू आणून उभं करायचं. वर्णनासोबत डाग देण्याची पद्धत यावरच होती. तिसरा, मेलेल्या किंवा पळालेल्या माणसाचं नाव यादीवर तसंच ठेवून त्याचा पगार खायचा. यातल्या काही 'मृत पगारां'ना तर राज्यंच मान्यता देत, नायकाचा जादा भत्ता म्हणून. म्हणजे कागदावरचा आकडा आणि मैदानावरचा आकडा यांत फरक असणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक असे.

इलाज म्हणून अचानक हजेरी घेत. व्हेनिसने तर 'कोल्लातेराले' नावाचे कायमचे अधिकारी नेमले. तपासणी, पगारवाटप आणि कापणी हेच त्यांचं काम. शिवाय 'प्रोव्हेदितोरे' हा व्हेनिसचा उमराव छावणीत नायकाच्या शेजारीच राही. पगारातूनही राज्य आपला वाटा काढी. व्हेनिसमध्ये 'ओनोरान्झा दी सान मार्को' म्हणून अर्ध्या महिन्याचा पगार कापला जाई.

निळावंती

पसार होण्याबद्दल मी लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे जामीन मागत. दुसरी म्हणजे कर्ज. बहुतेक सैनिक सावकाराकडे घोडा नाहीतर चिलखत गहाण टाकून बसलेले असत. त्यामुळे नोकरीच्या काळात जुन्या कर्जासाठी अटक होऊ नये असं संरक्षण करारातच मागितलं जाई. शहर सोडून पळालं की हे संरक्षण गेलं.

तिसरा उपाय मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. दगा देणाऱ्या नायकाचं बदनामीचं चित्र फ्लॉरेन्स सरकारी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवून घेई: पायाला साखळी, उलटा टांगलेला, खाली नाव. १४२८ साली निक्कोलो पिचिनीनोचं असं चित्र काढलं. हा काही भुरटा शिपाई नव्हता, मिलानच्या बाजूचा त्या काळचा पहिल्या फळीतला सेनानायक होता. या धंद्यात पुढचं गिऱ्हाईक नावावर मिळतं, म्हणून अशा चित्राची झळ खरोखर बसायची. ते पुसून टाकावं यासाठी वाटाघाटी होत.

याच्या उलट, जो इमानाने राहिला त्याला कॅथेड्रलमध्ये जागा. हॉकवुड १७ मार्च १३९४ ला वारला. त्याला शहराने सरकारी इतमामाने निरोप दिला आणि १४३६ मध्ये पाओलो उच्चेल्लोने त्याचं अश्वारूढ भित्तिचित्र रंगवलं. ते आजही फ्लॉरेन्सच्या दुओमोमध्ये, म्हणजे त्याच कॅथेड्रलमध्ये, डाव्या भिंतीवर आहे. पुतळ्याचा आभास होईल अशा हिरवट रंगात आहे.

सांडणीस्वार

मूळ लेखातल्या शेवटच्या परिच्छेदाला इटलीबाहेरचा दाखला जोडतो, कारण पगार थकवल्याचा इतका चोख हिशेब दुसरीकडे सापडत नाही.

कातालान कंपनी, म्हणजे स्पेनकडच्या कातालोनियातल्या भाडोत्रींची फौज. १३०३ साली बायझंटाइन सम्राट दुसऱ्या आंद्रोनिकोसने तुर्कांविरुद्ध रोजेर दे फ्लोर आणि त्याच्या माणसांना बोलावलं. ठरलेला दर महिन्याला चिलखती स्वाराला चार औंस सोनं, हलक्या स्वाराला दोन, पायदळाला एक. चार महिन्यांचं आगाऊ. हे आकडे रामोन मुंतानेरचे, आणि तो कंपनीचा हिशेब स्वतः पाहत असे. थोड्याच काळात खजिना आटला. सम्राटाने पगार हिणकस नाण्यांत द्यायला सुरुवात केली. सैनिकांनी ती नाणी गावकऱ्यांवर पूर्ण किमतीला लादली, गावकरी बिथरले, वसुलीच्या नावाखाली लूट सुरू झाली. एप्रिल १३०५ मध्ये आद्रियानोपलला मेजवानीस बोलावून रोजेरचा खून करण्यात आला. त्यानंतर कंपनीने थ्रेस दोन वर्षं उजाड केला.

दुसरा भाग आणखी बोलका आहे. १३१० मध्ये अथेन्सचा ड्यूक वाल्टर ऑफ ब्रिएन याने हीच कंपनी सहा महिन्यांसाठी नेमली. तिने त्याला तीसेक किल्ले जिंकून दिले. पगार दिला दोन महिन्यांचा, चार महिन्यांचा थकला. काम झाल्यावर वाल्टरने २०० स्वार आणि ३०० पायदळ निवडून त्यांना जमिनी दिल्या, बाकीच्यांना चालते व्हा म्हणाला. १५ मार्च १३११ ला समोरासमोर गाठ पडली. निवडलेले ५०० जण लढाईआधी आपल्या जुन्या सोबत्यांकडे निघून गेले. कंपनीने दलदलीमागे मोर्चा धरला होता. वाल्टरच्या फ्रँक (पश्चिम युरोपीय) सरदारांचे जड घोडे त्या हिरव्यागार दिसणाऱ्या ओल्या जमिनीत रुतले. वाल्टर तिथेच पडला आणि अथेन्सची डची १३८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कातालानांच्या ताब्यात राहिली.

कोरा_कागद

१३७५ मध्ये फ्लॉरेन्सने हॉकवुडला १,३०,००० फ्लोरिन दिले असं वाचलं आहे. ही रक्कम पगार होती की खंडणी? आणि एवढे पैसे एका शहराने उभे कुठून केले?

मोडीवाचक

@कोरा_कागद, खंडणीच, पण कराराच्या भाषेत लिहिलेली: पाच वर्षं फ्लॉरेन्सवर चालून जाणार नाही. वजनात धरलं तर साधारण ४६० किलो सोनं. तेव्हा तो पोपच्या नोकरीत होता, मिलानशी तह होऊन काम संपलं होतं आणि फौज तोस्कानाच्या सीमेवर मोकळी झाली होती. मी वर म्हटलेला मधला काळ तो हाच. पिसा, सिएना, लुक्का, अरेत्सो यांनीही आपापल्या परीने पैसे मोजले. शिवाय फ्लॉरेन्सने हॉकवुडला वर्षाला १,२०० फ्लोरिनचं तहहयात वेतन लावून दिलं.

पैसा उभा करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. पोपनेच ही टोळधाड आपल्यावर सोडली असा शहराचा संशय होता. म्हणून ती रक्कम त्यांनी आपल्या मुलुखातल्या धर्मगुरूंकडून सक्तीच्या कर्जाने वसूल केली. त्याच वर्षी पोपशी युद्ध जुंपलं त्यामागे हे एक ठळक कारण. एरवी नागरिकांकडून सक्तीची कर्जं घेत आणि त्यांवर व्याज देत. १३४५ मध्ये ही सारी थकबाकी 'मोंते' नावाच्या एका सरकारी कर्जात एकवटली होती. मिलानशी लढाया लांबत गेल्या तेव्हा १४२७ मध्ये 'कातास्तो' आला: घराघराची मालमत्ता, देणी-घेणी, खाणारी तोंडं यांची नोंद आणि त्यावर कर. आज इतिहासकार त्या नोंदींवर फ्लॉरेन्सचा समाज अभ्यासतात, पण त्या लिहिल्या गेल्या फौजेचा पगार भागवायला.

लहान शहरांची मात्र दैना झाली. सिएनाच्या मुलुखात १३४२ ते १३९९ या काळात अशा कंपन्या किमान ३७ वेळा घुसल्या. एकदा पैसे दिले की बातमी पसरे आणि पुढची टोळी तोच दर मागे.

गडकोट_वेडा

लढाईचं तंत्रही थोडं येऊ द्या. ही इंग्रज माणसं इटलीत एवढी भारी का पडली?

सांडणीस्वार

फ्लॉरेन्सचा बखरकार फिलिप्पो व्हिल्लानीने श्वेत कंपनीचं जे वर्णन करून ठेवलंय त्यातून चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

घोडा वाहन म्हणून, लढाई पायी. शत्रू दिसला की उतरायचं, घोडे पोऱ्यांकडे द्यायचे. दोघांनी मिळून एक भाला धरायचा, रानडुकराच्या शिकारीत धरतात तसा खाली रोखून, आणि दाट रांगेत संथ पावलांनी आरडाओरडा करत पुढे सरकायचं. एकट्याच्या हातचा भाला धडकेने सुटतो, दोघांच्या हातचा सहसा सुटत नाही. जोडीला लांब धनुष्याचे तिरंदाज.

दुसरं, हिवाळा आणि रात्र. इटलीत थंडी पडली की मोहिमा थांबत. हे लोक जानेवारीतही निघत आणि अंधारात गाव गाठत. तिसरं, शिड्या. त्या तुकड्यातुकड्यांच्या होत्या. सर्वांत मोठा तुकडा तीन पायऱ्यांचा, एकाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसे. घोड्यांवरून गुपचूप नेता येत आणि हवा तेवढा उंच बुरूज गाठता येई. चौथं, चिलखत घासून आरशासारखं लखलखीत ठेवायचं, ते काम पोऱ्यांचं.

उणीव छावणीत होती. पहारा ढिला, तळ विस्कळीत, झोपायचे ते अस्ताव्यस्त. आणि जागा चुकली की हरतही: २८ जुलै १३६४ ला काशिनाला पिसाच्या बाजूने लढताना हॉकवुडचा पराभव झाला. ११ मार्च १३८७ ला कास्तान्यारोला पादुआसाठी लढताना मात्र त्याने मैदान स्वतः निवडलं. समोर पाण्याचा चर, व्हेरोनाची फौज तो ओलांडण्यात गुंतली तोवर हा आपले स्वार आणि तिरंदाज घेऊन बगलेवर आला. कोणत्याही अभ्यासकाने ती लढाई नकाशा समोर ठेवून वाचावी.

निळावंती

तंत्राचं कौतुक करताना चेझेना विसरू नये अशी विनंती. पोपची थकबाकी तोवर इतकी वाढली होती की १३७६ मध्ये हॉकवुडने फाएन्झा लुटलं, आणि पोपने पगाराऐवजी बान्याकाव्हाल्लो व कोतिन्योला ही गावं त्याला दिली. फेब्रुवारी १३७७ मध्ये चेझेनाचे लोक ब्रिटनीच्या भाडोत्री शिपायांच्या लुटालुटीला कंटाळून उठले आणि त्यांनी शेकडो शिपाई मारले. कार्डिनल रॉबर्ट ऑफ जिनिव्हाने अभयवचन देऊन नागरिकांना शस्त्रं खाली ठेवायला लावली आणि मग हॉकवुडला बोलावलं. हजारो माणसं कापली गेली. हुकूम देणारा हा कार्डिनल पुढच्याच वर्षी आव्हिन्योंच्या बाजूचा पोप झाला. हॉकवुड काही आठवड्यांत पोपची नोकरी सोडून विरुद्ध पक्षाला मिळाला, पण शहरात कत्तल करणारे हात त्याचेही होते. कॅथेड्रलमधलं ते चित्र पाहताना हे मनात असायला हवं.

कोरा_कागद

मग 'कोंदोत्तिएरे लुटुपुटूच्या लढाया लढायचे, कुणी मरायचंच नाही' हे कुठून आलं?

मोडीवाचक

फ्लॉरेन्सचा लेखक माकियाव्हेल्लीकडून. १४२४ च्या झागोनाराच्या लढाईत तिघेच मेले, तेही घोड्यावरून पडून चिखलात गुदमरून. १४४० च्या आंगियारीला एकच मेला, असं तो लिहितो. आंगियारीबद्दलच्या समकालीन नोंदींत मृतांचा आकडा याच्या अनेक पटींनी मोठा आहे. त्याला नागरिकांचं सैन्य हवं होतं आणि तो त्याच बाजूने मांडणी करत होता, तेव्हा त्याचे आकडे पुरावा म्हणून घेऊ नयेत.

त्यात अर्धसत्य एवढंच की कैद्याला मारण्यापेक्षा त्याचे घोडा-शस्त्र काढून सोडून देणं फायद्याचं होतं. खंडणी कुणाकडून येईल आणि उद्या आपण पकडले गेलो तर काय, दोन्ही हिशेब त्यात होते. हीच रीत व्हेनिसचा सेनानायक कार्मान्योला याला भोवली. १२ ऑक्टोबर १४२७ ला माक्लोदिओला त्याने व्हेनिससाठी मोठा विजय मिळवला आणि हजारो कैदी सोडून दिले. पुढे त्याच्या मोहिमा रेंगाळल्या, जुना धनी असलेल्या मिलानच्या ड्यूकशी पत्रव्यवहार चालू होता, व्हेनिसचा संशय बळावला. १४३२ मध्ये सल्लामसलतीला म्हणून बोलावून त्याला अटक केली आणि ५ मे रोजी पिआत्सेत्ता चौकातल्या दोन खांबांमध्ये शिरच्छेद केला.

त्याच व्हेनिसने इमानी नायकांना सांभाळलंही. शांततेतही कमी पगारावर बांधून ठेवायचं. अशा नेमणुकीला 'आस्पेत्तो' म्हणत. जहागिरी द्यायच्या, मुदती वाढवत न्यायच्या. बार्तोलोमेओ कोल्लेओनी १४५५ पासून १४७५ मध्ये मरेपर्यंत व्हेनिसचा सेनापती होता. मिलानला ते जमलं नाही. तिथे फ्रान्चेस्को स्फोर्झाने ड्यूकच्या मुलीशी लग्न केलं आणि १४५० मध्ये तो स्वतःच ड्यूक झाला.

दर्यावर्दी

थोडं अवांतर, पण पगारी सैनिकांवर नेहमी होणाऱ्या आरोपाबद्दल. इंग्लंड-फ्रान्स युद्धातल्या क्रेसीच्या लढाईत, २६ ऑगस्ट १३४६, जिनोव्हाचे भाडोत्री आडधनुष्यवाले पळाले म्हणून फ्रेंच सरदारांनी त्यांना भेकड ठरवलं. कारणं पाहा. दिवसभराची चाल करून आलेले. आडधनुष्य ताणायला वेळ लागतो म्हणून ते 'पावेझ' नावाच्या माणूसभर उंच ढालीमागे उभे राहून बाण भरतात. त्या ढाली सामानाच्या गाड्यांत मागे राहिलेल्या. समोर चढ. मिनिटाला दोन-तीन बाण सोडणारे हे लोक दहा-बारा सोडणाऱ्या लांब धनुष्यांपुढे उघड्यावर उभे केले. मागे वळले तेव्हा फ्रेंच घोडदळ त्यांच्याच अंगावरून गेलं. चूक घाई करणाऱ्या सरदारांची होती.

गडकोट_वेडा

शेवटचा प्रश्न. करार संपल्यावरच्या बेकारीवर कुणी पक्का इलाज काढला का?

सांडणीस्वार

आधीचे प्रयत्न वरवरचे. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ब्राबांत, आरागोन, नाव्हारकडच्या भाडोत्रींना बहिष्कृत केलं. राजे त्यांना ठेवतच राहिले. १२१५ च्या इंग्लंडच्या मॅग्ना कार्टा या सनदेतल्या ५१व्या कलमात राजाने परदेशी सरदार, धनुर्धारी आणि भाडोत्री शिपाई देशाबाहेर काढावेत असं लिहिलं. १३६२ मध्ये फ्रान्सने बळ वापरून पाहिलं आणि ब्रिन्येला टोळ्यांनी राजाच्या सैन्यालाच धूळ चारली. मग १३६५ मध्ये फ्रेंच सेनानी ड्यु गेक्लँ त्यांना गोळा करून स्पेनमध्ये कास्तीलच्या गादीच्या भांडणात घेऊन गेला. युद्ध संपलं, बरेच जण परत आले.

पक्का इलाज फ्रान्सचा राजा सातव्या चार्ल्सचा. १४४४ मध्ये त्याने मोकाट टोळ्यांचा मोठा भाग स्विस सरहद्दीकडे वळवला. २६ ऑगस्टला सांक्ट याकोबला थोड्याशा स्विस तुकडीने त्यांचं भयंकर नुकसान केलं. १४४५ मध्ये उरलेल्यांतून निवड करून १५ कंपन्या उभ्या केल्या, प्रत्येकी १०० लान्स. इथे लान्स सहा जणांची: चिलखती स्वार, त्याचा हत्यारबंद साथीदार, दोन तिरंदाज, पोऱ्या आणि नोकर. एकूण ९,००० माणसं, त्यांतले ६,००० लढणारे. त्यांना ठरावीक शहरांत मुक्काम, नियमित हजेरी, आणि पगार 'ताय' या दरवर्षीच्या करातून, युद्ध असो वा नसो. निवडीत न आलेल्यांना जुने गुन्हे माफ करून छोट्या छोट्या गटांत, पहाऱ्यानिशी, आपापल्या गावी पोचवलं. एकत्र सोडलं असतं तर आठवड्याभरात त्यांची पुन्हा टोळी झाली असती.